मनगटावरचा तणावमापक आणि मुरलेली चिंता : स्मार्ट घड्याळातील ‘स्ट्रेस’ सुविधेचे परीक्षण

मनगटी स्मार्ट घड्याळांत पावले, झोप आणि हृदयाचे ठोके यांच्या जोडीला ‘स्ट्रेस’ ही सुविधा आता मध्यम किमतीच्या घड्याळांतही सर्रास मिळते. दर काही मिनिटांनी ० ते १०० यांमधला एक आकडा, त्या आकड्याला एक रंग आणि रात्री झोपण्यापूर्वी संपूर्ण दिवसाचा आलेख असे तिचे स्वरूप असते. हे परीक्षण घड्याळाचे नसून केवळ या एका सुविधेचे आहे आणि ते एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहकाने लिहिलेले आहे. मला ‘जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर’ या चिंताविकाराचे निदान होऊन बरीच वर्षे झाली. औषधे आणि समुपदेशन यांमुळे नोकरी आणि घर दोन्ही सुरळीत चालते. परंतु चिंता गेलेली नाही, ती मुरलेली आहे. गेल्या पावसाळ्यापासून मी असे एक घड्याळ वापरते आहे. त्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण बहुतेक कंपन्यांचे संवेदक आणि त्यांमागचे तत्त्व सारखेच आहे, आणि माझे म्हणणे त्या तत्त्वाविषयीच आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना केवळ खरेदीचा निर्णय घ्यायचा आहे त्यांचा वेळ वाचेल. शरीर किती उत्तेजित आहे हे ही सुविधा बऱ्यापैकी सांगते. मात्र दीर्घकाळ टिकलेली चिंता माणसाच्या रोजच्या राग, आनंद, दचकणे, रडू येणे या प्रतिक्रियांमध्ये जे बदल घडवते, त्यांतला मोठा भाग या आकड्याच्या टप्प्यात येत नाही. स्वतःच्या नोंदवहीची जोड दिली तर तिचा खरा उपयोग होतो. निव्वळ आकडा पाहत बसणाऱ्या चिंताग्रस्त माणसाला तिचा उपद्रव होण्याचीच शक्यता अधिक.

आता ती मोजते काय, हे पाहू. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्ताचे प्रमाण बदलले की परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधले अंतर काढले जाते. निरोगी हृदय घड्याळाच्या लंबकाप्रमाणे नेमके चालत नाही. श्वास घेताना ते किंचित जलद आणि सोडताना किंचित सावकाश होते. ठोक्यांच्या अंतरातील या काही मिलिसेकंदांच्या फरकाला ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ म्हणतात. शरीराला विसाव्याकडे नेणारी व्हेगस मज्जातंतूची पकड चांगली असेल तर हा फरक मोठा राहतो; शरीर धावपळीच्या किंवा बचावाच्या तयारीत गेले की तो आक्रसतो. फरक आक्रसला म्हणजे आकडा चढतो, असा सर्व हिशेब आहे. माझ्या घड्याळात २५ पर्यंत विश्रांती, ५० पर्यंत कमी, ७५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र तणाव अशी पट्टी आहे.

यातच पहिली मर्यादा दडलेली आहे. शरीर बचावाच्या तयारीत का गेले, हे हृदयाला ठाऊक असले तरी हिरव्या दिव्याला ठाऊक नसते. कडक चहा, भरपेट जेवण, अंगातली कणकण, उन्हातून आल्यावर झालेला पाण्याचा तुटवडा, अपुरी झोप आणि मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमात वाटलेला अभिमान हे सगळे आलेखावर एकाच नारिंगी रंगात येते. शिवाय मनगट हलत असताना मोजणी बिघडते, म्हणून चालताना, जिना चढताना किंवा भांडी घासताना माझे घड्याळ आकडाच देत नाही आणि आलेखात नुसती मोकळी जागा सोडते. रोजच्या भावनिक प्रतिक्रिया बहुधा याच हलत्या क्षणांत घडतात, हे कोणाही गृहस्थाला सांगायला नको.

मुरलेली चिंता म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय पुढचे परीक्षण कळणार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेप्रमाणे किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांबाबत आवरता न येणारी काळजी हा या विकाराचा गाभा आहे, आणि तिच्या सोबतीला अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेच्या तक्रारी अशी सहा लक्षणे मोजली जातात. यांपैकी चिडचिड आपल्याकडे चिंतेच्या खात्यात कोणी जमा करत नाही. ‘काळजी करणारी बाई’ म्हटले की देवाला पाण्यात घालून बसलेली, हळवी, डोळे पुसणारी व्यक्ती नजरेसमोर येते. कुकरची तिसरी शिटी झाली म्हणून ओरडणारी येत नाही. २००६ साली तयार झालेल्या ‘जीएडी-७’ या सात प्रश्नांच्या चाचणीत मात्र चटकन चिडणे किंवा वैतागणे यावर स्वतंत्र प्रश्न आहे. ही चाचणी डॉक्टरांच्या खोलीबाहेर दोन मिनिटांत भरून होते, फुकट आहे, आणि तिच्यात २१ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासून पाहावे असा संकेत आहे. वीस हजार रुपयांच्या घड्याळाला विचारता न येणारा प्रश्न तो साधा कागद विचारतो, ही गोष्ट मला या संपूर्ण परीक्षणात महत्त्वाची वाटते.

चिडचिडीचेच उदाहरण घेते. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने दप्तर सोफ्यावर फेकले आणि मी तिच्यावर आवाज चढवला, तर बाहेरून पाहणाऱ्याला दप्तर हे कारण वाटते. प्रत्यक्षात दुपारी साहेबांचा ‘उद्या जरा बोलू’ एवढाच निरोप आलेला असतो. दुसऱ्या कोणी तो वाचून फोन खिशात ठेवला असता. मुरलेल्या चिंतेच्या माणसाला मात्र अनिश्चितता हीच धोक्याइतकी टोचते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगा यांनी या विकाराच्या केंद्रस्थानी अनिश्चितता न सोसण्याची वृत्ती ठेवली आहे, ती यासाठीच. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मनाने बदलीपासून बडतर्फीपर्यंत सगळे हिशेब मांडून झालेले असतात, खांदे कानाला लागलेले असतात, आणि सहनशक्तीत शिल्लक काही उरलेले नसते. दप्तर त्या रिकाम्या खात्यावर पडते. ओरडून झाल्यावर अपराधीपणा येतो, आणि तो अपराधीपणा पुन्हा नव्या काळजीचा विषय होतो, की मुलीच्या मनावर याचा काय परिणाम होईल. या सगळ्या साखळीतील किती भाग आलेखावर उमटतो? दुपारी कधीतरी मध्यम पट्टी दिसते, प्रवासात मोकळी जागा दिसते आणि ओरडण्याच्या क्षणी, हातात पिशव्या असल्यामुळे, पुन्हा मोकळीच जागा.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि ती जाहिरातीत अर्थातच सांगितलेली नसते. यांतली अनेक घड्याळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत वापरणाऱ्याची स्वतःची सरासरी शिकतात आणि पुढचे मोजमाप त्या सरासरीच्या तुलनेत करतात. सर्वसाधारण माणसासाठी हे योग्यच आहे, कारण ठोक्यांतील फरक वयानुसार आणि माणसागणिक फार वेगळा असतो. परंतु जिचे शरीर वर्षानुवर्षे अर्धवट दक्षतेत राहिलेले आहे, तिची सरासरी हीच मुळी दक्षतेची सरासरी असते. चिंताविकार असलेल्या लोकांच्या गटात ठोक्यांतील फरक इतरांपेक्षा कमी आढळतो, हे १९९० च्या दशकापासून अनेक अभ्यासांत दिसले आहे. अर्थात हा गटागटांतील फरक आहे, एका माणसाचा आकडा पाहून त्याला विकार आहे की नाही हे सांगता येत नाही. घड्याळाने माझी ती आक्रसलेली अवस्था ‘तुमची नेहमीची’ म्हणून नोंदवून घेतली, आणि त्यानंतर मी नेहमीइतकी बेचैन असले की ते मला हिरवा रंग दाखवू लागले. यंत्राचा यात काही दोष नाही. घरातल्या माणसांनीही वर्षानुवर्षे हेच केलेले असते. ‘तिचा स्वभावच तसा आहे’ हा त्यांचा हिरवा रंग.

तिसरी गोष्ट मला सर्वांत रंजक वाटली, जरी ती ग्राहक म्हणून निराश करणारी आहे. काही संध्याकाळी मनात विचारांचे मोहोळ उठलेले असताना आलेख सपाट असायचा. प्रथम मला यंत्र बिघडल्याची शंका आली. पण याला संशोधनाचा आधार आहे. पेन्सिल्वेनियातील मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक यांनी दाखवले, की काळजी ही प्रामुख्याने शब्दांत चालते, चित्रांत नाही. ‘असे झाले तर, तसे झाले तर’ अशी आतल्या आत चाललेली बडबड भीतीचे प्रत्यक्ष चित्र डोळ्यांपुढे उभे राहू देत नाही, आणि त्यामुळे शरीराची तीव्र प्रतिक्रिया काहीशी दाबली जाते. १९९० साली त्यांनी सेन्ची हू यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात, भाषणाची धास्ती असलेल्या ज्या लोकांना आधी काळजी करायला सांगितले, त्यांच्या हृदयाची गती भीतिदायक दृश्य कल्पनेत आणताना इतरांपेक्षा कमी वाढली. म्हणजे काळजी माणसाला एका अर्थाने सुन्न करते, आणि म्हणूनच ती सवय सुटत नाही. रोजच्या भाषेत सांगायचे तर अंत्यदर्शनाला उभे असताना रडू न येणे, पण चारच दिवसांनी दुधाची पिशवी फुटल्यावर हमसून रडणे, हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत घडते. घड्याळ पहिल्या प्रसंगी शांतता नोंदवते. त्याचे वाचन शारीरिक अर्थाने चुकीचे नाही, फक्त त्या शांततेचा अर्थ त्याला लावता येत नाही.

स्नायूंचेही तसेच. रुडॉल्फ होन-सारिक आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या विकाराच्या रुग्णांची शारीरिक मोजमापे घेतली, तेव्हा त्यांना हृदय आणि त्वचा यांच्या प्रतिक्रियांपेक्षा स्नायूंचा ताण हे अधिक ठळक लक्षण दिसले. उलट ताणाच्या प्रसंगी इतरांची शरीरे जितकी लवचिकपणे वरखाली होत, तितकी यांची होत नसत. आवळलेला जबडा, भुवयांमधली आठी आणि ताठर मान यांची नोंद मनगटावरून घेता येत नाही. माझ्या दंतवैद्यांना दातांच्या झिजेवरून जेवढे कळले तेवढे या घड्याळाला कळलेले नाही.

आनंदाबाबत तर ही सुविधा साफ नापास होते, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण चिंतेचा आनंदावर होणारा परिणाम सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मुलीचा दहावीचा निकाल चांगला लागला त्या दिवशी घरात पेढे आले, फोन सुरू झाले, आणि माझ्या मनात पहिले वाक्य उमटले ते अकरावीच्या प्रवेशाचे. मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे या विकारात माणसाला दुःखापेक्षा सुखातून दुःखात कोसळण्याची अधिक धास्ती असते. म्हणून तो आधीपासूनच थोडा खाली राहणे पसंत करतो. काळजी करत राहिले की वाईट बातमी आली तरी पडण्याची उंची कमी, आणि बातमी आली नाही तर सुटकेचा निःश्वास. बहुतेक काळज्या खऱ्या ठरत नाहीत, त्यामुळे निःश्वास वारंवार मिळतो आणि काळजी करण्याची सवय पक्की होते. आपल्या घरांत ‘फार हसू नका, मग रडावे लागते’ असे आजीने दटावणे हे याच हिशेबाचे गावठी रूप आहे असे मला वाटते. मला स्वतःला ती उपपत्ती वाचल्यावर, निकालाच्या दिवशी आपण कृतघ्न का वाटलो याचे उत्तर मिळाले. आलेखावर मात्र त्या दिवशी दिवसभर नारिंगी रंग होता, जो पेढे वाटणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या मनगटावरही असताच. उत्साह आणि धास्ती यांना वेगळे करणारी कोणतीही खूण ठोक्यांच्या अंतरात नाही.

आकडा चढला की घड्याळ मनगटावर थरथरते आणि ‘एक मिनिट श्वासाकडे लक्ष द्या’ असे सुचवते. पडद्यावर एक वर्तुळ फुगते आणि आकसते. ही सुविधा अनेकांना आवडते आणि सावकाश श्वासोच्छ्वासाने ठोक्यांतील फरक वाढतो हे खरेच आहे. परंतु मुरलेल्या चिंतेच्या काही माणसांना शिथिल होण्याचीच भीती वाटते. बोर्कोवेक आणि फ्रेडरिक हाइडे यांनी १९८३ सालीच याची नोंद केली होती : शिथिलीकरणाचा सराव करताना काही चिंताग्रस्त लोकांची चिंता उलट वाढली. आपण सैल झालो आणि नेमके तेव्हाच काही घडले तर, असा तो आतला आवाज असतो. माझ्या बाबतीत हे वर्तुळ कार्यालयात त्रासदायक ठरले, घरी झोपण्यापूर्वी मात्र कामी आले. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिले की छातीत धडधड अधिकच जाणवते, त्यांनी ही सूचना पहिल्याच दिवशी बंद करावी. समुपदेशकाच्या देखरेखीखाली शिथिलीकरण हळूहळू शिकता येते, पण ते मनगटावरच्या अवेळी थरथरीतून शिकण्याची गोष्ट नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र आकडा तपासत राहण्याचा आहे. चिंतेचा रोजच्या नात्यांतील सगळ्यांत ओळखीचा चेहरा म्हणजे खात्री मागणे : ‘पोहोचलास का?’, ‘तू रागावलेली नाहीस ना?’, ‘गॅस बंद केला ना?’ उत्तर मिळाले की क्षणभर बरे वाटते आणि थोड्याच वेळात पुन्हा विचारावेसे वाटते. घड्याळाने खात्री मागण्यासाठी एक नवे, न कंटाळणारे ठिकाण मिळवून दिले. नवरा तिसऱ्यांदा विचारल्यावर वैतागतो; यंत्र शंभर वेळा विचारले तरी आकडा देते. झोप मोजणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले ते याच प्रकाराला : उपकरणावर झोप परिपूर्ण दिसावी या ध्यासापायीच झोप उडालेले रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले होते. तणावाच्या आकड्याचे वेगळे काही नाही. आकडा पाहायचा, तो चढलेला दिसला म्हणून धास्तवायचे, आणि धास्तावल्यामुळे तो आणखी चढलेला पाहायचा, हा खेळ मी चांगला ओळखते.

कुटुंबीयांच्या हातात हा आकडा पडला तर काय होते, हेही लिहिले पाहिजे. वादाच्या भरात ‘बघ, तुझा स्ट्रेस किती वाढलाय’ असे कोणी म्हणाले की वादाचा मूळ विषय बाजूला पडतो. चिंताविकार असलेल्या माणसाच्या सर्व रागाला विकाराचे लेबल लावण्याची सोय होते, मग तो राग कितीही रास्त असो. पाण्याचा टँकर सोसायटीने वेळेवर मागवला नाही म्हणून मी चिडले, तर त्याचे कारण टँकर आहे. माझे ठोके नव्हेत. या बाबतीत सासूबाई यंत्रापेक्षा शहाण्या निघाल्या, कारण त्यांनी आकडा कधी पाहिलाच नाही. मी गप्प झाले की ‘जरा चहा टाक, दोघी घेऊ’ एवढेच त्या म्हणतात.

औषधे घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. धडधड आणि हातांची थरथर आटोक्यात ठेवण्यासाठी अनेकांना प्रोप्रॅनोलोल हे औषध दिले जाते. ते हृदयाची गती थेट कमी करते, त्यामुळे ते घेतलेल्या दिवशी घड्याळाचा आलेख सुंदर हिरवा दिसू शकतो, आणि मनातील काळजी तशीच असू शकते. अशा हिरव्या आलेखावर विसंबून स्वतःच्या मनाने औषध कमी करणे किंवा थांबवणे धोक्याचे आहे. विशेषतः प्रोप्रॅनोलोल एकाएकी बंद करू नये. घड्याळाच्या माहितीपत्रकातही बारीक अक्षरांत हे वैद्यकीय उपकरण नाही असे लिहिलेले आहे, आणि ते वाक्य त्या पत्रकातले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे.

एवढे सगळे लिहिल्यावरही मी घड्याळ काढून ठेवलेले नाही, याचे कारण नोंदवही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि तिच्यातील एबीसी हा तक्ता येथील समुपदेशकांकडे गेलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी भरलेला असतो : प्रसंग कोणता, त्याविषयी मनाने काय ठरवले, आणि त्यातून कोणती भावना व वर्तन घडले. घड्याळ या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातला एक कोपरा, म्हणजे शरीराची प्रतिक्रिया, तेवढी भरते. प्रसंग आणि विचार हे दोन रकाने आपणच भरायचे असतात. माझी अडचण अशी असे की रात्री वही उघडल्यावर दिवसातील प्रसंगच आठवत नसत; मुरलेल्या चिंतेत सगळा दिवस एकाच राखाडी रंगाचा वाटतो आणि ‘आज दिवसभर बरे नव्हते’ यापलीकडे लिहिता येत नाही. आलेखाने त्या राखाडी दिवसाला वेळा दिल्या. अकराच्या सुमारास उंचवटा कशाचा, चारनंतर का उतरले, असे प्रश्न पडू लागले आणि उत्तरे शोधताना विचार सापडू लागले.

त्यातून काही गोष्टी हाती आल्या. मला वाटत होते की बैठकांचा ताण येतो. आलेख आणि वही शेजारी ठेवल्यावर दिसले की बैठकीत मी बरी असते, तिच्या आधीचा अर्धा तास वाईट असतो. आईचा फोन अवेळी वाजला की दचकायला होते हे ठाऊक होते, पण ती दचक फोन संपल्यावर, सगळे ठीक आहे हे कळल्यावरही, बराच वेळ शरीरात रेंगाळते आणि त्याच काळात मी घरच्यांशी तुटक वागते, हे मला आलेखाशिवाय कळले नसते. भावनेचा उगम एका ठिकाणी आणि तिचा फटका भलत्याच माणसाला, हा चिंतेतील रोजचा प्रकार वेळेच्या पट्टीवर उलगडून पाहता आला. माझ्या समुपदेशक आकड्यांकडे फारसे पाहत नाहीत. आलेखावर मी पेन्सिलीने लिहिलेली वाक्ये मात्र त्या बारकाईने वाचतात, आणि तेच योग्य आहे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. दोन-तीन हजारांच्या घड्याळांतही ही सुविधा असते, पण ती आकडा कशावरून काढतात याचा काहीच खुलासा त्यांच्या माहितीत सापडत नाही, त्यामुळे केवळ या सुविधेसाठी ती घेऊ नयेत. माझ्या घड्याळाच्या ॲपमध्ये मराठीचा पर्याय नाही. आरोग्याची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि त्यासंबंधीची संमती लांबलचक इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून दिली जाते, ही गोष्ट मला खटकते. पट्टा सैल बांधला तर नोंदी विस्कळीत येतात आणि घट्ट बांधला तर पावसाळ्यात मनगटाला पुरळ येते. बॅटरी समाधानकारक आहे.

पैशांचा प्रश्न येतो तेव्हा तुलना दुसऱ्या घड्याळाशी करू नये, उपचाराशी करावी. पुण्यात माझ्या माहितीतील खासगी समुपदेशकांचे शुल्क एका सत्राला हजार ते दीड हजार रुपये आहे; म्हणजे या घड्याळाच्या किमतीत निदान डझनभर सत्रे होतात. ज्यांनी अजून कोणालाच दाखवलेले नाही त्यांनी आधी तिकडे जावे. तेवढीही सोय नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

ज्यांचे उपचार सुरू आहेत, लिहिण्याची सवय आहे आणि आकडा दिसला की तो पुन्हा पुन्हा पाहण्याची खोड नाही, त्यांना मी ही सुविधा सुचवीन. आरोग्याविषयीच काळजी वाटणाऱ्यांना, म्हणजे छातीत जरा कळ आली की इंटरनेटवर शोधत बसणाऱ्यांना, मुळीच सुचवणार नाही. घेतलेच तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तणावाच्या सूचना आणि श्वासाची थरथर दोन्ही बंद कराव्यात, घड्याळाच्या दर्शनी भागावरून आकडा काढून तिथे तारीख ठेवावी, आणि आलेख दिवसातून एकदाच, वही उघडल्यानंतर पाहावा.